शनिवारच्या पेशी

हळूकाका गेले त्याला आता दोन महिने होतील. ते असताना हे कागदावर आणलं असतं तर त्यांच्या जिवाला घोर लागला असता, म्हणून थांबले. त्यांच्याबद्दल लिहायचा मला काही हक्क आहे का, हे विचाराल तर नाही. चौदा वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात खोटारडा म्हणत आले. आणि माझं मनातल्या मनात म्हणणंही शेजारच्या खोलीत ऐकू जातं, असं आमच्या घरचे सांगतात.

तेव्हा मी पीएच.डी. करत होते. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. लांबट खोली, भिंतीला लागून पेशी उबेत ठेवायचे दोन इन्क्युबेटर, सतत कुरकुरणारा फ्रिज, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक आणि दाराजवळ काकांचं स्टूल. काका तिथले तंत्रज्ञ. उंदराच्या कानाच्या कातडीतून पेशी वेगळ्या काढायच्या, हे त्यांचं काम. उंदराचा कान तो केवढा, अंगठ्याच्या नखाएवढा. त्याचे दोन पदर सोलायचे, द्रावणावर तरंगत ठेवायचे, वरचा पापुद्रा आपणहून सुटेपर्यंत वाट बघायची आणि मग त्यातल्या पेशी धुऊन काढायच्या. जरा घाई केली की पेशी मेल्याच म्हणून समजा. काका चिमटा धरून स्वतःशीच पुटपुटत, "हळू, हळू." त्यावरून हळूकाका हे नाव मीच पाडलं. अख्ख्या मजल्यानं ते उचललं आणि काकांनीही ते हसून घेतलं. मला मात्र सगळं कालच हवं असायचं.

या पेशींना फांद्या असतात. म्हणून त्यांचं नाव डेंड्रिटिक पेशी. त्या कातडीत पहाऱ्याला बसलेल्या असतात. बाहेरचं काही आत शिरलं की त्याचा घास घेतात, बारीक तुकडे करतात आणि एकेक तुकडा आपल्या अंगावर मांडून टी पेशींना दाखवतात, हा बघा, असा दिसतो तो, धरा त्याला. टी पेशी लढायला बहाद्दर, पण कुणी दाखवल्याशिवाय त्यांना शत्रू कळत नाही. माझा प्रश्न एवढाच होता की ही दाखवायची कला या पेशींच्या अंगात येते कधी? माझे मार्गदर्शक, आमचे सर, यांचं मत होतं, ती जन्मतःच असते. माझंही तेच मत होतं, कारण ते सरांचं होतं.

पण पेशींना ते मान्य नव्हतं. सकाळी काकांनी पेशी काढायच्या, त्यांना अंड्यातलं प्रथिन खाऊ घालायचं, दोन-तीन तासांनी औषध घालून त्या असतील तशा थिजवायच्या आणि मग माझ्या हवाली करायच्या. मी त्या टी पेशींपुढे ठेवायची. टी पेशींना तुकडा दिसला तर त्या भराभर वाढतात आणि ती वाढ यंत्र आकड्यात सांगतं. माझा आकडा दोन वर्षं हजाराच्या वर सरकला नव्हता. नुसतं पाणी घातलं असतं तरी तेवढा आला असता. पेशी पोटभर खायच्या आणि दाखवायच्या वेळी ढिम्म.

आमच्याकडे एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. पेशी त्याच दिवशीच्या हव्यात. काल काढलेल्या पेशी म्हणजे अर्ध्या मेलेल्या, त्यांच्यावरचा प्रयोग म्हणजे केरात टाकलेला दिवस. शिळं म्हणजे वाईट, हे आम्ही घरून शिकून आलेलो, त्यावर वेगळा विचार कोण करणार?

काकांनी केला होता. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "ताई, जरा बघता का? परवाच्या उरलेल्या पेशी टाकायच्या राहिल्या होत्या. ह्यांनी जेवण सोडलंय बघा. आणि हात कसे पसरलेत! काल गोळा होत्या नुसत्या."

मी पाहिलंसुद्धा नाही. "काका, तुम्ही पेशी काढायचं काम करा. बघायचं काम माझं आहे."

ते "बरं" म्हणाले आणि डिश धुवायला घेऊन गेले. काय हो माझी मिजास! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं शहाणपण माझ्या एकटीच्या ॲप्रनमध्ये भरलेलं होतं.

पुढे महिन्याभरात मला कळलं की एका प्रयोगाला पेशी कमी पडल्या म्हणून काकांनी आदल्या दिवशीच्या थोड्या मिसळल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच जणांदेखत मी त्यांना झापलं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मान खाली घालून उभा होता आणि माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून सरांकडे लेखी तक्रार केली. सरांनी काकांना पत्र दिलं, यापुढे शिळ्या पेशी वापरल्याचं आढळल्यास कामावरून कमी करण्यात येईल. काकांनी पत्राची चौघडी करून खिशात ठेवली आणि परत स्टुलावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी कधी बोलावलं नाही.

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी तो आकडा आला. सोमवारी लावलेला प्रयोग, गुरुवारी यंत्रातून कागद बाहेर पडला. बावन्न हजार! मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा बावन्न हजार. मी जी ओरडले, ती जिन्यापर्यंत ऐकू गेली. सगळे धावत आले. सर आले, कागद हातात धरून खुर्चीत बसले. इतक्या गर्दीत काका मागून म्हणत होते, "ताई, एक सांगायचं होतं."

"उद्या, काका, उद्या!" मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून सरांच्या खोलीत होते. तिसऱ्या दिवशीही मला वेळ नव्हता. नंतर काकांनी सांगायचा प्रयत्नच केला नाही, आणि मीही विचारलं नाही.

सर म्हणाले, पुन्हा करून दाखव. मी पुन्हा केलं. हजार. पुन्हा. हजार. नऊ वेळा केलं आणि नऊही वेळा तोंडावर पडले. द्रावण बदललं, प्रथिन बदललं, उंदरांची जात बदलली. काका रोज पहाटे येऊन पेशी काढून ठेवत, अगदी ताज्या. मी त्यांना बजावतच होते, ताज्याच हव्यात.

शेवटी सरांनी बैठक बोलावली. सर, दोन ज्येष्ठ शास्त्रज्ञ आणि मी. काकांना बोलावणं धाडलं. ते दारातच उभे राहिले, चौकटीला हात लावून. सरांनी त्यांना विचारलं, "त्या सोमवारच्या पेशी त्याच दिवशीच्या होत्या का?"

काकांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच मी फाडकन बोलले, "सर, त्यांना काय विचारता? मी स्वतः उभं राहून पाहिलंय. ताज्याच होत्या."

मी काही पाहिलं नव्हतं. त्या सकाळी मी टी पेशींच्या मागे होते. पण माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका चांगल्या आकड्यावर एका तंत्रज्ञाच्या तोंडून शंका यावी, हे मला सहन होणार नव्हतं. आणि खरं सांगते, ती थाप आहे हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. दहा मिनिटांत मी स्वतःही त्यावर विश्वास ठेवला.

"मग आकडा आला कुठून?" एक ज्येष्ठ म्हणाले. दुसऱ्यांनी चष्मा पुसत जोड दिली, "कधीकधी आकडा मनात आधी येतो आणि कागदावर नंतर." खोटं केलंस असं तोंडावर कुणी म्हटलं नाही. पण सरांनी मार्गदर्शन काढून घेतलं. मी ॲप्रन फेकून निघाले. नाकावरचा राग नाकावर ठेवून निघाले. काका दाराबाहेर उभे होते, त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

तीन वर्षांनी, एका वाचनालयात सहज मासिक चाळताना मला माझं उत्तर सापडलं. दूरच्या एका प्रयोगशाळेनं दाखवून दिलं होतं की कातडीतून नुकत्या काढलेल्या डेंड्रिटिक पेशींना दाखवता येतच नाही. त्या फक्त खातात. त्यांना उबेत दोन-तीन दिवस ठेवलं की त्या खाणं थांबवतात, फांद्या पसरतात, आणि मग आधी खाल्लेल्याचे तुकडे अंगावर मांडून दाखवू लागतात. जणू तुकडे ठेवायची तबकं आधी आतल्या कपाटात बंद असतात, ती आता एकेक करून बाहेर येतात. म्हणजे कला जन्मजात नव्हती. ती थांबल्यावर अंगात येत होती. आणि नेमकं तेवढंच आम्ही त्यांना करू देत नव्हतो.

मी वाचनालयात बसल्या जागी गार पडले. बावन्न हजार आले होते, म्हणजे त्या सोमवारच्या पेशी दोन दिवसांच्या असणार. म्हणजे काकांनी शिळ्या वापरल्या आणि तोंड शिवून बसले. माझं वाटोळं होताना दारात उभं राहून बघत होते! त्या दिवसापासून चौदा वर्षं मी हे पाठ म्हणावं तसं स्वतःला म्हणून दाखवत होते. नवऱ्यालाही ते तोंडपाठ झालं होतं. रक्तलघवी तपासायची छोटी प्रयोगशाळा काढली, ती बरी चालली, तरी काही दुखलं-खुपलं की गाडी तिथंच यायची.

मग एके दिवशी माझ्या काउंटरवर एक पंचविशीतली मुलगी वडिलांच्या रक्ताची बाटली घेऊन आली. पाटीवरचं माझं नाव वाचून म्हणाली, "तुम्हीच का त्या ताई? आमचे बाबा पेशी काढायचे. तुमची फार आठवण काढतात हो."

काढणारच, म्हटलं, खाल्लेलं पचत नसेल. मी पत्ता लिहून घेतला. रविवारी दुपारी गेले. दोन मजले चढताना एकेक वाक्य धार लावून तयार ठेवलं होतं. पहिलं वाक्य होतं, "काका, माझं आयुष्य कुठं ठेवलंत ते परत द्या."

दार काकूंनी उघडलं. दोन खोल्या, कोपऱ्यात झाकण घातलेलं शिवणयंत्र, खिडकीशी आरामखुर्ची. तीत काका. अर्धे झाले होते. हात थरथरत होते, ज्या हातांनी नखाएवढा कान सोलला ते हात. चहाचा कप काकूंनी त्यांना अर्धाच भरून दिला होता, सांडू नये म्हणून. मला बघून ते उठायला लागले. मी "बसा" म्हणायच्या आत तेच काकूंना म्हणाले, "अगं, ह्याच त्या ताई. चांगली खुर्ची दे."

काकूंनी खुर्ची पदरानं पुसली. मुलगी माझ्याकडे असं बघत होती की मला मागे वळून बघावंसं वाटलं, कुणी दुसरं उभं आहे का म्हणून.

"ताई," काका म्हणाले, "तुम्ही माझी नोकरी वाचवलीत. स्वतःची पदवी घालवलीत, पण माझं नाव येऊ दिलं नाहीत. त्या दिवशी दारात मी सगळं सांगायलाच आलो होतो. तुम्ही बोलूच दिलं नाहीत. ही तेव्हा आठ वर्षांची होती. पत्र मिळालेलं, नोकरी गेली असती तर आम्ही कुठं गेलो असतो?"

मी म्हटलं, "काका, मला नीट सांगा."

त्यांनी नीट सांगितलं. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी त्यांनी पेशी काढल्या, प्रथिन खाऊ घातलं आणि तेवढ्यात शाळेतून निरोप आला की मुलगी जिन्यावरून पडली, हात मोडला. डिश तशीच इन्क्युबेटरमध्ये सरकवून ते पळाले. सोमवारी उंदीरघर सफाईसाठी बंद, नवा उंदीर मिळेना. आणि मी टी पेशी तयार ठेवून दर पाच मिनिटांनी ओरडत होते. "तुम्हाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, ताई. शनिवारच्याच पेशी थिजवून दिल्या. पण लपवलं नाही हो. तुम्हाला तर ठाऊकच आहे."

मला काय ठाऊक होतं? काका मुलीला म्हणाले, "ते काढ गं."

तिनं कपाटातून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं. तंत्रज्ञाचं रोजकामाचं रजिस्टर. संस्थेनं जुनी रजिस्टरं काढून टाकली तेव्हा हे एक त्यांनी मागून घेतलं होतं. आमच्याकडे पद्धत अशी होती की तंत्रज्ञानं दिवसाचं काम लिहायचं आणि शनिवारी संशोधकानं आठवड्याची पानं वाचून खाली सही करायची. पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. रेघेवर सरळ, टपोरं अक्षर, "सोमवार. उंदीर मिळाले नाहीत. शनिवारी प्रथिन दिलेल्या पेशी वापरल्या. दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये होत्या. फांद्या पुष्कळ. ताईंना तोंडी सांगणे बाकी."

आणि पानाच्या तळाशी माझी सही. झोकदार, शेवटी फराटा ओढलेली.

शनिवारी मी सह्या कशा करायचे ते मला लख्ख आठवलं. खांद्याला पर्स अडकवून, उभ्या उभ्या, पानं अंगठ्यानं उचलत, खालच्या खाली. माझ्या दोन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हाताखाली होतं. जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं तेव्हा ते तिथं लिहिलेलं होतं, आणि मी त्यावर सही ठोकून बसच्या वेळेला पळाले होते.

"तुम्ही सही केलीत आणि एक शब्द बोलला नाहीत," काका सांगत होते. "मी समजलो. नंतर नऊ वेळा तुम्ही ताज्याच पेशी मागत राहिलात. शिळ्या मागितल्या असत्या तर सरांनी लगेच ओळखलं असतं ना, की ही कल्पना आली कुठून. पुढं ते दुसऱ्यांनी छापलं. सर सगळ्यांना वाचून दाखवत होते, मी तिथंच होतो. जीव तुटला, ताई. पण म्हटलं, ज्यासाठी त्यांनी सगळं सोडलं, ते आपणच कसं उघडं करायचं?"

मुलगी म्हणाली, "लहानपणापासून मला हेच सांगत आलेत. माणूस असावा तर ताईंसारखा."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी चहा हातात धरून बसले होते. घोट घ्यायचंही सुचत नव्हतं.

काकांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं. मग बायको-मुलीकडे न बघता हळूच म्हणाले, "एकच विचारायचं होतं. म्हणूनच हे ठेवलंय. पहाटे जाग आली की पुन्हा झोप लागत नाही. वाटतं, ताईंनी वाचलंच नसलं तर? घाईत नुसतीच सही केली असली तर? मग मी एक शब्द बोलायला हवा होता. एवढं सोपं होतं. मी गप्प बसून त्यांचं सोनं मातीत घातलं." त्यांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं. "खरं सांगा, ताई. वाचून केली होती ना सही?"

चौदा वर्षं मला हेच हवं होतं. त्यांनी माझ्यासमोर बसून म्हणावं की चूक माझी. आता फक्त 'नाही' म्हणायचं होतं. तेच खरं होतं, आणि त्यांना ते मरेपर्यंत पुरलं असतं.

मी कप खाली आपटला आणि माझ्या जुन्या, पाच जणांदेखतच्या आवाजात म्हणाले, "काका, न वाचता सह्या ठोकणाऱ्यातली वाटले होय मी तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. हसता हसता ठसका लागला, काकूंनी पाठ चोळली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी थांबेनात. "तोच आवाज! अगदी तोच! ऐकलंस ना गं?" मग त्यांनी डोळे पुसले, खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "सुटलो."

रजिस्टर त्यांनी मुलीच्या हातात दिलं. "आता हे कशाला सांभाळायचं? टाक रद्दीत."

तिनं ते दाराजवळच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. माझ्या हातापासून दोन हातांवर. मागून घ्यावं असं शंभरदा मनात आलं. पण मागितलं असतं तर काकांनी विचारलं असतं, कशाला? मी गार झालेला चहा संपवला, काकूंना येते म्हणाले आणि ते तिथंच ठेवून जिना उतरले.